पेन्सिलीनं लिहिलेला पुरावा

आजी कंदिलाची वात खाली करते आणि त्याच क्षणी रंगमंचावरचा उजेड निम्मा होतो. प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला वाटतं, वात खाली गेली म्हणून अंधारलं. प्रत्यक्षात कानाला हेडसेट लावून, समोर संहिता उघडून बसलेलं कुणीतरी आजीच्या बोटांकडे बघत असतं. बोटं कंदिलाच्या चावीला लागली की ते ‘गो’ म्हणतं आणि दिव्यांचा ऑपरेटर बटण दाबतो. ‘गो’ अर्धा सेकंद लवकर आला तर आजी खोटी पडते, उशिरा आला तर कंदील खोटा पडतो. अचूक आला तर कुणी काही केलं असं कुणाला कळतही नाही.

हा ‘गो’ म्हणणारा माणूस म्हणजे स्टेज मॅनेजर, आणि हे काम कॉलेजात जाऊन शिकता येतं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आधी पदवी लागते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मात्र बारावीनंतर थेट या वाटेला लागता येतं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९१४ पासून नाटकाचा पदवी अभ्यासक्रम चालतो, आणि अमेरिकेतला हा अशा प्रकारचा पहिला अभ्यासक्रम. तिथे स्टेज मॅनेजमेंट हा वेगळा विषय घेता येतो. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाच्या थिएटर स्कूलमध्ये आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमच्या स्कूल ऑफ द आर्ट्समध्येही याच विषयात बीएफए ही पदवी घेता येते. लंडनमध्ये राडा आणि गिल्डहॉल या नाट्यसंस्थांची नावं आपल्याला नटांमुळे माहीत असतात, पण पडद्यामागचं शिक्षण देणारे त्यांचे विभागही तितकेच तालेवार आहेत.

या ठिकाणी नुसत्या गुणपत्रिकेवर प्रवेश होत नाही. अभिनयाचा उमेदवार दोन स्वगतं पाठ करून जातो. नेपथ्याचा उमेदवार चित्रं आणि छोटी मॉडेलं घेऊन जातो. स्टेज मॅनेजमेंटच्या उमेदवाराकडे रेझ्युमे, पोर्टफोलिओ आणि मुलाखत मागतात, आणि इथेच मुलं अडखळतात. जे काम नीट झालं की दिसत नाही, ते दाखवायचं कसं? घाबरून बहुतेक जण प्रयोगाचे देखणे फोटो गोळा करतात. पण फोटोतला सेट नेपथ्यकाराचा असतो, उजेड प्रकाशयोजनाकाराचा असतो, चेहरे नटांचे असतात. उमेदवाराचं त्यात काय?

उमेदवाराचा असतो तो कागद. तालमीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या प्रयोगापर्यंत स्टेज मॅनेजर जे कागद तयार करतो, वापरतो, खोडतो आणि पुन्हा लिहितो, तोच त्याच्या कामाचा मागे उरणारा एकमेव पुरावा. पोर्टफोलिओ म्हणजे या कागदांतून केलेली निवड. हे एकदा ध्यानात आलं की बाकीचे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात.

या कागदांच्या मध्यभागी असतं प्रॉम्प्ट बुक. नाव जुनं आहे, नटाला शब्द पुरवण्याच्या काळातलं. पण आजचं प्रॉम्प्ट बुक ही सगळ्या नाटकाची चोपडी असते. एका बाजूला संहितेचं पान. त्याच्या समोरच्या पानावर हालचाली, म्हणजे कोण कुठून आलं, कुणाला वळसा घालून गेलं, कोणत्या शब्दावर बसलं. याची एक लघुलिपी असते. प्रत्येक पात्राला एक अक्षर, खुर्चीला एक खूण, जाण्याच्या दिशेला बाण, आणि शेजारी रंगमंचाचा छोटा नकाशा. पाचव्या दिवशी नट ‘मी इथून नव्हतो जात’ म्हणू लागला तर या पानावर उत्तर असावं लागतं. मुख्य नट आजारी पडून त्याच्या जागी दुसरा उभा राहिला तर त्याला याच पानावरून उभं करावं लागतं.

मग संहितेच्या समासात क्यू येतात. अमेरिकेत प्रकाशाच्या क्यूंना साधारणपणे आकडे देतात आणि ध्वनीच्या क्यूंना अक्षरं, म्हणजे हेडसेटवरून घाईत ऐकताना ‘तेवीस’ दिव्यांचा की आवाजाचा असा घोळ होत नाही. प्रत्येक क्यूच्या थोडं आधी ‘स्टँडबाय’ची खूण असते आणि नेमक्या शब्दापाशी रेघ ओढून ‘गो’. ‘गो’ हा शब्द हेडसेटवर दुसऱ्या कशासाठीही उच्चारायचा नाही अशी शिस्त आहे. चुकून गप्पांत निघाला तर कुणीतरी बटण दाबेल. काही क्यू शब्दावर नसतात, कृतीवर असतात. आजीचा कंदील तसा. तिथे समासात डोळ्याची खूण किंवा ‘बघून’ असं लिहिलेलं असतं.

हे सगळं पेन्सिलीनं लिहायचं असतं, कारण तांत्रिक तालमींत क्यू रोज सरकतात. दिग्दर्शकाला उजेड दोन शब्द आधी हवा असतो, प्रकाशयोजनाकार मध्ये एक नवा क्यू घालतो, आणि मग तेवीस आणि चोवीसच्या मध्ये साडेतेवीस जन्माला येतो. आठवडाभरानं पान खोडरबरानं खरवडलेलं आणि कोपऱ्यात मळलेलं असतं. पुष्कळ मुलं अर्जाच्या आदल्या रात्री हे पान सुवाच्य अक्षरात नव्यानं लिहून काढतात, आणि मूळ पान टाकून देतात. मला ही सगळ्यात मोठी चूक वाटते. स्वच्छ पानावर अक्षर दिसतं, मळलेल्या पानावर काम दिसतं. स्वच्छ प्रत जोडायची असेल तर जरूर जोडा, पण तिच्या शेजारी मूळ पान ठेवा. वाचता येत नाही असं पान मात्र दाखवू नका. स्टेज मॅनेजर अचानक तापानं फणफणला तर दुसऱ्या कुणालाही ते बुक उघडून प्रयोग चालवता आला पाहिजे, हीच प्रॉम्प्ट बुकाची कसोटी.

दुसरा महत्त्वाचा कागद म्हणजे तालमीचा अहवाल. रोज तालीम संपली की स्टेज मॅनेजर एक पानी टिपण सगळ्या विभागांना पाठवतो. आज कोणते प्रवेश बसवले, किती वाजता सुरू झालो, सुट्टी कधी दिली, कोण उशिरा आलं, कुणाला लागलं, आणि मग नेपथ्य, प्रॉपर्टी, वेशभूषा, प्रकाश, ध्वनी अशा रकान्यांत क्रमांक घातलेल्या सूचना. सुट्टीची वेळ लिहिण्यामागे एक इतिहास आहे. अमेरिकेतल्या नटांची संघटना, ॲक्टर्स इक्विटी, १९१३ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्यात नटांबरोबर स्टेज मॅनेजरही सभासद असतात. तिच्या नियमांनुसार ५५ मिनिटांच्या तालमीनंतर ५ मिनिटं किंवा ८० मिनिटांनंतर १० मिनिटं सुट्टी द्यावी लागते, आणि घड्याळ सांभाळायचं काम स्टेज मॅनेजरचं. शाळेच्या नाटकाला हा नियम लागू नाही, पण अहवालात सुट्टीची वेळ दिसली की वाचणाऱ्या प्राध्यापकाला कळतं, हे मूल माणसांची काळजी घेतं.

अहवालाची भाषा हा खरा परीक्षेचा भाग. समजा, तालमीत नायिका खुर्चीवर चढून भाषण करू लागली. अहवालात ‘खुर्ची अगदीच लेचीपेची आहे’ असं लिहिलं तर प्रॉपर्टी सांभाळणाऱ्याला राग येणार, आणि कळणार काहीच नाही. ‘दुसऱ्या प्रवेशात नायिका आता खुर्चीवर उभी राहून बोलते, साधारण दोन मिनिटं. तालमीतली खुर्ची हलते. प्रयोगाची खुर्ची उभ्या माणसाचं वजन पेलेल का, हे गुरुवारपर्यंत कळवाल का?’ असं लिहिलं तर कुणाचाही अपमान न होता काम पुढे सरकतं. त्याच अहवालात ‘अमका पुन्हा संवाद विसरला, दिग्दर्शक चिडले’ असलं काही नसतं. तो कागद वीसेक माणसं वाचतात. निवड समितीतली माणसं स्वतः आयुष्यभर असे अहवाल लिहीत आणि वाचत आलेली असतात. तीन ओळींत त्यांना उमेदवाराचा स्वभाव कळतो. म्हणून पोर्टफोलिओत एकाच नाटकाचे दोन अहवाल ठेवावेत, एक सुरुवातीचा आणि एक तांत्रिक तालमींच्या धामधुमीतला. खुर्चीचा प्रश्न पहिल्यात उभा राहिलेला आणि दुसऱ्यात सुटलेला दिसला तर त्याहून बोलकं काही नाही.

बाकीचे कागद थोडक्यात. कोणतं पात्र कोणत्या प्रवेशात आहे याचा तक्ता, त्यावरून आखलेलं तालमींचं वेळापत्रक, प्रॉपर्टीची यादी, प्रयोगाआधी कोणती वस्तू कुठे ठेवायची याची तपासणी यादी, आणि विंगेतल्या सहायकांसाठी ‘कुणी, कधी, कोणत्या बाजूनं, काय हलवायचं’ सांगणारा तक्ता. प्रॉपर्टीच्या टेबलाचा एखादा फोटो अवश्य असावा: पांढरा कागद अंथरलेला, प्रत्येक वस्तूभोवती रेघ आखून नाव लिहिलेलं, म्हणजे पत्र जाग्यावर नसेल तर नुसत्या नजरेनं कळतं. तालमीच्या जमिनीवर रंगीत टेपनं काढलेल्या सेटच्या रेघांचाही फोटो ठेवावा, शेजारी ज्या आराखड्यावरून माप घेतलं तो आराखडा. अमेरिकेत या आराखड्याचं प्रमाण सहसा अर्ध्या इंचाला एक फूट असतं, ब्रिटनमध्ये २५ ला १. आराखडा वाचून जमिनीवर खरा दरवाजा कुठे येईल हे टेपनं दाखवता येणं, हे सतरा वर्षांच्या मुलासाठी लहान कौशल्य नाही.

किती पानं? मी तर म्हणेन, दोन नाटकं नीट दाखवा, सात नाटकांचे तुकडे नकोत. एका नाटकाचा पहिल्या वाचनापासून प्रयोगापर्यंतचा प्रवास दिसू द्या आणि दुसऱ्यातून वेगळ्या तऱ्हेची अडचण घ्या. पहिलं दोन पात्रांचं असेल तर दुसरं गर्दीचं किंवा गाण्यांचं. प्रत्येक पानाखाली दोन ओळी हव्यातच: नाटक, संस्था, तारीख, माझं काम, आणि हा कागद कशासाठी केला. फोटोखाली नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश कुणाचे ते लिहा. पडद्यामागच्या जगात दुसऱ्याचं श्रेय गाळणं हा फार मोठा दोष मानतात. संपूर्ण संहिता चढवू नका, चारपाच पानं पुरतात. लेखकाचा हक्क असतो त्यावर.

आणि एक गोष्ट मुलं हमखास विसरतात. संपर्क यादी हा स्टेज मॅनेजरचा पहिला कागद, त्यात सगळ्यांचे फोन, पत्ते, कधी कुणाची ॲलर्जी किंवा औषधही. ती पोर्टफोलिओत तशीच लावली तर रचना चांगली दिसेल, पण प्राध्यापकाच्या मनात पाल चुकचुकेल. लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती हा मुलगा परक्यांना दाखवतो आहे. नंबर झाकून टाका किंवा खोटे भरा आणि तसं खाली लिहा. अहवालातल्या दुखापतीच्या ओळीतलं नावही झाका. काळ्या पट्टीनं झाकलेली ओळ हीसुद्धा एक प्रकारची ओळखच.

रेझ्युमेला फार शब्द खर्चायची गरज नाही, कारण तो एका पानात बसलाच पाहिजे. वर नाव, ईमेल, फोन. नटांसारखा चेहऱ्याचा फोटो लावत नाहीत. खाली रकाने: नाटक, केलेलं काम, दिग्दर्शक, संस्था किंवा नाट्यगृह. स्टेज मॅनेजर म्हणून केलेलं आधी, सहायक म्हणून केलेलं नंतर, लाइट चालवणं किंवा कपडे सांभाळणं त्याच्या खाली. रकाने उभ्या रेषेत सरळ यायला हवेत. तक्ते करणं हाच ज्याचा धंदा, त्याचा स्वतःचा तक्ता वाकडा असून कसं चालेल? कौशल्यांत खरोखर येतं तेवढंच लिहा: प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, स्वरलिपी वाचता येणं, एक्सेल, ध्वनीसाठी वापरतात ते क्यूलॅब, येणाऱ्या भाषा. संगीतिकेत क्यू सुरांवर असतात, म्हणून स्वरलिपी वाचणाऱ्याला मोल आहे. शेवटी दोन-तीन जाणत्या माणसांची नावं, त्यांची परवानगी घेऊन. आणि पदाची बढती स्वतःच करून घेऊ नका. सहायक होतात तर सहायकच लिहा. नाटकाचं जग लहान आहे, आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला खरं काय ते बाहेर येतं.

आता आपल्याकडच्या मुलांबद्दल. न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी घरातल्या मुलीला हायस्कूलच्या नाट्यवर्गात हे कागद आयते भेटतात. तिथे शाळांमधून थेस्पियन सोसायटीच्या शाखा असतात. ही संस्था १९२९ पासून चालू आहे आणि तिच्या स्पर्धांत स्टेज मॅनेजमेंटचा वेगळा गट असतो, त्यात मुलं पोर्टफोलिओ मांडून परीक्षकांशी बोलतात. पुण्या-मुंबईच्या, सांगली-कोल्हापूरच्या मुलांचं तसं नाही. एकांकिका स्पर्धांत ज्यांनी मागे काम केलंय त्यांना विचारा. ठरलेल्या मिनिटांत लेव्हल लावायच्या, प्रॉपर्टी मोजायची, म्युझिक द्यायचं, पडद्यावर हात ठेवायचा, आणि प्रयोग संपला की तितक्याच घाईत सगळं रिकामं करायचं. इतक्या वेगात इतकं काम ही मुलं करतात. पण ते सगळं डोक्यात असतं, किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. व्यावसायिक रंगभूमीवर तर जाहिरातीत ‘सूत्रधार’ म्हणून ज्याचं नाव छापतात तो तारखा, दौरे, माणसांची ने-आण असं स्टेज मॅनेजरहून निराळं आणि मोठं काम पेलतो, आणि क्यू मात्र अनेकदा प्रकाश किंवा संगीत चालवणारा स्वतःच नाटक बघत, सरावानं देतो. एका खुर्चीत बसून सगळ्यांना ‘गो’ देणारा माणूस आपल्याकडे असेलच असं नाही.

हा फरक लपवायचं कारण नाही. अर्जात सरळ लिहावं की आमच्या एकांकिकेत क्यू बोलून देत नसत, मी स्वतः संगीत चालवत होतो, आणि माझ्या संहितेवर या खुणा होत्या. ती संहिता जपून ठेवली असेल तर ती सोन्यासारखी. नसेल तर पुढच्या एकांकिकेपासून एक खोकं करा आणि प्रत्येक कागद तारीख घालून त्यात टाका. नववी-दहावीतल्या मुलाकडे अजून भरपूर वेळ आहे. ज्याच्यापाशी एकही कागद उरला नाही, त्यानं जुना कागद नव्यानं रचून ‘मूळ’ म्हणून दाखवू नये. त्याऐवजी एखादी एकांकिका घेऊन तिचा पात्रतक्ता, प्रॉपर्टीची यादी आणि तालमींचं वेळापत्रक तयार करावं, आणि वर स्पष्ट लिहावं की हा सराव आहे. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाचं मिनिटागणिक पत्रक किंवा स्नेहसंमेलनाची आखणीही चालते. तीनशे मुलांना रांगेत ठेवून बारा नाच वेळेवर उरकणारी मुलगी काय करू शकते, हे नाट्यशिक्षकाला सांगावं लागत नाही.

मराठी संहितेवरच्या खुणा परदेशी प्राध्यापकांना कशा कळणार, असं पालक विचारतात. पान देवनागरीतच राहू द्या. शेजारी इंग्रजीत खुणांची किल्ली द्या: हे अक्षर म्हणजे आजी, हा बाण म्हणजे उजव्या विंगेत, ही रेघ म्हणजे क्यू. संवाद कळला नाही तरी पद्धत कळते. स्टेज मॅनेजरच्या खुणा मुळात भाषा न कळणाऱ्यालाही कळाव्यात अशाच असतात. ऑपेरा तर कित्येक देशांत तिथल्या प्रेक्षकांच्या भाषेत नसतोच. अहवालाचं मात्र इंग्रजी भाषांतर जोडा, आणि भाषांतर तुम्ही केलंय असं लिहा.

अमेरिकेतले अर्ज बारावीच्या वर्षात साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत जातात, मुलाखती हिवाळ्यात होतात. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांत अनेक विद्यापीठं एकाच वेळी जमतात, आणि परदेशी मुलांना ऑनलाइनही भेटता येतं. पोर्टफोलिओ बहुधा स्लाइडरूम किंवा ॲक्सेप्टडसारख्या संकेतस्थळावर चढवायचा असतो. पानांची संख्या, फाइलचा आकार, निबंधाचा विषय प्रत्येकाचा वेगळा. त्या सूचना तंतोतंत पाळणं ही पहिली परीक्षा आहे असं समजा. दहा पानं मागितलेली असताना चौदा पाठवणाऱ्याच्या हाती नाटकाचं घड्याळ कोण देईल? ब्रिटनला अर्ज करणाऱ्यानं तिथले शब्दही शिकावेत. अमेरिकेतलं ‘प्लेसेस’ तिथे ‘बिगिनर्स’ होतं, आणि ही हाक पडद्याच्या ५ मिनिटं आधी जाते. बाकीच्या हाका तिथून मागे मोजतात, म्हणून त्यांचा ‘हाफ’ पडदा उघडण्याच्या ३० नव्हे, ३५ मिनिटं आधी असतो. आपल्या तिसऱ्या घंटेवर वाढलेल्या माणसाला या हिशेबाची गंमत वाटेल.

मुलाखत छोटी असते. समोरची दोन-तीन माणसं पानं उलटतात, क्वचित मध्येच थांबतात. ‘काय चुकलं होतं?’ हा प्रश्न जवळजवळ नक्की येतो, आणि त्याचं उत्तर पाठ करून जाता येत नाही. चूक कुणाची ते सांगू नये. मग काय केलं आणि दुसऱ्या दिवशी कोणता कागद बदलला ते सांगावं. बोलण्यापेक्षा पान पुढे सरकवावं.

समजा, त्यांनी कंदिलाच्या पानावर बोट ठेवलं. तिथे ‘बघून’ हा शब्द एकदा लिहून खोडलेला आहे, वर एक डोळा काढलेला आहे, तोही खोडलेला, आणि शेवटी रेघ ‘झोप’ या शब्दापाशी येऊन थांबली आहे. इतकं का खोडलंय, असं ते विचारतात. उमेदवार मुलगी सांगू लागते: आजीचं काम करणारी मुलगी डावखुरी होती. तालमीत मी उजव्या बाजूला बसत होते, तिथून तिचा हात दिसायचा. नाट्यगृहात माझी खुर्ची डाव्या विंगेत आली आणि ती वात खाली करताना तिच्या पाठीआड कंदील पूर्ण झाकला जाऊ लागला. दिग्दर्शकांना विचारून तिच्या वाक्यातला ‘झोप’ हा शब्द पक्का केला, आणि तिला सांगितलं की चावी त्याच शब्दाला फिरव. मग पाचही प्रयोगांत तिच्याकडे न बघता क्यू दिला.